स्विश्तोवचा सुभेदार

प्रिय यावोर,

'प्रिय' लिहिलंय ते पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात हे मला माहीत नाही म्हणून. शाळेत पत्रलेखन शिकवलं त्या दिवशी मी बंदरावर गळ टाकून बसलो होतो आणि माझ्या हजेरीला तू 'हजर' म्हणालास, तेव्हा यातली निम्मी चूक तुझी धर. खरं तर 'प्रिय'च्या जागी दुसराच शब्द लिहिणार होतो, चेरीच्या झाडावर पकडलं तेव्हा गान्कामावशीने आपल्याला जो हासडला होता तो. पण हे पत्र तुला मोठ्याने वाचायचंय. कुणासमोर आणि कशाला, ते शेवटी सांगतो. तोवर मला तुझ्यावर मनसोक्त चिडू दे, कारण मी खरोखर चिडलोय आणि ते कागदावर उतरल्याशिवाय पुढचं काही सुचणार नाही.

रविवारी सुट्टी होती. माझ्या खोलीतला तो लिथुआनियाचा दारियुस चर्चला गेला होता. मी कॉफी केली, पाय हीटरला लावले आणि आपल्या साम्राज्याच्या खेळातली तू पाठवलेली चाल संगणकावर उघडली. वाटलं होतं, ऱ्हाइनपलीकडे बर्फात अडकलेल्या माझ्या फौजेला आता तरी तू कुमक पाठवली असशील. कधीपासून तेच मागतोय. बघतो तर कुमक सोड, एक घोडा नाही, एक धनुर्धारी नाही. जनरल दोब्री, म्हणजे मी, अख्खी हयात तुझ्या साम्राज्याच्या कडेला तलवार घेऊन उभा, आणि मागे वळून बघावं तर तू लोकांचा शेतसारा कमी केलायस, तटाचं काम बंद पाडलंयस, आणि ज्या पैशात एक नवी पलटण उभी राहिली असती त्यात स्विश्तोवमध्ये स्नानगृह बांधलंयस. रानटी टोळ्या उंबऱ्यावर आल्यात आणि आपले सुभेदारसाहेब गरम पाण्यात बसणार. दुसरा कुणी असता तर म्हटलं असतं, नवीन आहे, शिकेल. तू सुभे सांभाळतोस ते मिसरूड फुटायच्या आधीपासून.

तेही गिळलं असतं मी. मग स्विश्तोववर बोट ठेवलं. सुभेदाराच्या खुर्चीत बाबांच्या नावाचा स्तामेन नव्हता. तू होतास. तुझं ते नाक वर केलेलं चित्र, जे निवडताना मी पोट धरून हसलो होतो, ते माझ्या बापाच्या जागी. स्तामेन शहरातच होता, खाली, बिनकामाच्या माणसांच्या रांगेत. मग वंशावळ उघडली आणि डोक्यात तिडीकच गेली. स्तामेनच्या नावाखाली इतकी वर्षं एकच रेघ होती, दोब्रीकडे जाणारी. आता तिथे दुसरी रेघ आहे, नवी, पिवळीधमक, आणि ती तुझ्याकडे जाते. स्तामेनने यावोरला दत्तक घेतलं. खेळाने चौकट दाखवून विचारलं असेल, मान्य आहे का, आणि तू एकट्याने, मला न विचारता, हो म्हणालास.

आपला करार तुला आठवत नसेल तर आठवण देतो. आई इटलीहून पहिल्यांदा आली तेव्हा तिने तो जुना संगणक आणला होता, तो आमच्या मागच्या खोलीत, लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवला होता. तुझ्या घरी तुझा बाप निघून गेल्यापासून तू तसाही आमच्याकडेच पडलेला असायचास. खेळायला बसलो आणि पहिल्याच दिवशी मारामारी झाली, कारण मला लढायचं होतं आणि तुला गटारं बांधायची होती. शेवटी बाबांनी दोघांचे कान धरून वाटणी केली. फौजा दोब्रीच्या, सुभे यावोरचे. फौजेत तू बोलायचं नाही, सुभ्यात मी बोलायचं नाही. आणि वंशावळीला, म्हणजे कोण कुणाचा मुलगा, कुणाचं लग्न, कोण वारस, याला दोघांनी मिळूनच हात लावायचा. त्या कराराला आपण दोघं बांधलेले होतो. मी ऱ्हाइनवर उपाशी मेलो तरी तुझ्या धान्याच्या कोठाराला हात नाही लावला कधी.

मग आपण सगळ्या सुभेदारांना गल्लीतली नावं दिली. भूगोलाच्या पेंचेव्हसरांना वाळवंटात पाठवलं, कारण त्यांनी मला नापास केलं होतं. गान्कामावशीच्या नवऱ्याला असं बेट दिलं, जिथून घरी यायला बोटच नव्हती. आणि दानूब नदीच्या काठावरच्या त्या मळकट ठाण्याचं नाव पुसून आपण त्याला आपल्या गावाचं नाव दिलं आणि बाबांना तिथे बसवलं. बाबांना ते कळलं कसं, आठवतं? बंदरावरून क्रेनची पाळी संपवून आले होते, हातात राकियाचा पेला, आणि पडद्यावर वाचलं: 'स्तामेन. वाईनचा शौकीन. वसुलीत ढिला. लोकांचा लाडका.' आधी रुसले. म्हणाले, वाईनचं या यंत्राला कुणी सांगितलं. मग खुर्ची ओढून बसले ते उठेचनात. त्या दिवसापासून रोज आल्या आल्या पहिला प्रश्न, माझ्या गावात काय चाललंय. गटार झालं का. पूल बांधा रे, नदी ओलांडायला लोकांनी काय पोहायचं का. आणि साऱ्याचा विषय निघाला की तुझ्या खांद्यावर थोपटायचे आणि म्हणायचे, कमी कर, कमी कर, गरीब लोक आहेत.

एकदा मी हट्ट धरला होता. उत्तरेला सरदार कमी पडत होते, तर मी म्हटलं, स्तामेनला फौज देऊन पाठवू, तो ठाण्यात बसून काय करतो. फौजेत तू बोलायचं नव्हतं. बाबाच बोलले. सफरचंद सोलत होते, सुरी थांबवून म्हणाले, “गाव सोडून गेला तर तो सुभेदार कसला? सगळेच कडेला जाऊन लढायला लागले तर मधे राहायचं कुणी?” मी हसलो. मला वाटलं, खेळातलंच बोलतायत. तेव्हा आई इटलीत होती, बंदरावरच्या निम्म्या क्रेन गंजून उभ्या होत्या, आणि आमच्या रस्त्यावर दाराला कुलूप नाही असं घर शोधावं लागत होतं.

मी निघालो तेव्हा त्यांनी अडवलं नाही, हे तुला माहीत आहे. माझा पाय कधी एका जागी ठरला नाही. स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी खुडल्या, जर्मनीत गोदामात खोकी उचलली, तिथल्या साहेबाशी भांडलो आणि इकडे नॉर्वेच्या टोकाला येऊन मासे चिरतोय. खेळातला दोब्रीही तसाच निघाला. कुठल्या शहरात दोन हंगाम बसवला की आळशी होतो, पिऊन पडतो, शहरात दंगे होतात. म्हणून आपण त्याला कायम बाहेरच ठेवला. पण मी कुठेही असलो तरी तुझी चाल यायची, आणि चालीबरोबर दोन ओळी यायच्या. 'तुझ्यापेक्षा तुझा घोडा हुशार, त्यालाच जनरल कर.' 'पुलाची आठवण ठेवा असं काका म्हणतात, तुझी काही काढली नाही.' मी त्या ओळींवर आठवडा काढायचो रे. इथल्या लोकांचं बोलणं म्हणजे सुप्रभात आणि धन्यवाद. कुणी मन लावून शिवी देणारं तरी हवं ना माणसाला.

मग शरद ऋतूत बाबांना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. आई बोलोन्याहून धावत आली, थोडे दिवस राहिली आणि परत गेली, कारण ती ज्या म्हातारीची सेवा करते तिला तिच्यावाचून पाणी पाजणारं कुणी नाही. मला तेव्हा इथून निघताच आलं नाही. हंगाम भरात होता, मी नवा होतो, तू म्हणालास, मी आहे, घाबरू नकोस. खरंच होतास. डॉक्टर, औषधं, त्यांना उठवणं, अंघोळ घालणं, सगळं. ते मी कधी विसरणार नाही आणि आज चिडलोय म्हणून ते कमी होत नाही. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडे बसवलेस त्याचा फोटो आई मला दाखवत होती. खेळातल्या त्या स्नानगृहाचा उलगडा मला आत्ता, हे लिहिताना होतोय. तरी एक ओळ लिहायला काय झालं होतं तुला.

आता डिसेंबरातल्या निकुलदेनच्या सणाला झालेल्या फोनकडे येतो, कारण सगळं तिथे अडकलंय. तुझ्या बहिणीने भरलेला कार्प मासा दिला होता, ताट बाबांच्या पुढ्यात होतं, ते खिडकीपाशी बसले होते आणि तू त्यांच्यासमोर फोन धरला होतास. माझा इथला करार संपत आला होता. फोरमन टोर नव्या करारासाठी मागे लागला होता. मी बरेच दिवस मनाशी घोकून ठेवलेला प्रश्न विचारला. म्हटलं, “बाबा, हे सोडून मी कायमचा घरी येऊ का?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली. आडवी. सावकाश, आणि मग पुन्हा एकदा, जोरात, गालातली शीर उडाली इतकी. फोनच्या मागून तुझा आवाज आला, “बघितलंस ना, दोब्री?” मी म्हटलं, बघितलं. आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी टोरच्या टेबलावर जाऊन सही केली.

त्यानंतर मी दर रविवारी फोन करायचो आणि बाबा तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसायचे. तू फोन धरून उभा, एक शब्द नाही. मी आपला मासे, बर्फ, दारियुस, काहीबाही बोलत राहायचो. वाटायचं, वाकडं झालेलं तोंड मला दाखवायची लाज वाटत असेल त्यांना. आईला सांगितलं, बाबांनी नको म्हटलं. ती म्हणाली, ताठ आहेत, आधीपासूनच. आणि त्याच दिवसापासून तुझ्या चालीबरोबरच्या दोन ओळी बंद झाल्या. नुसती चाल. हिशेबाने, वेळेवर, मुकी. फेब्रुवारीत द्राक्षवेल छाटायच्या सणाला आमच्या अंगणातला वेल तू छाटलास, बाबांनी डाव्या हाताने त्याच्या मुळाशी वाईन ओतली, हे मला आईकडून कळलं. वेल छाटायचा मान घरच्या मुलाचा. मी त्या दिवशी इथे मासे चिरताना हात कापून घेतला आणि टोरला सांगितलं, पातं नवीन होतं.

तर रविवारी ती पिवळी रेघ बघितली तेव्हा मला काय वाटलं असेल, याचा अंदाज कर. सगळं जुळलं. बापाला मी नको होतो, कारण त्याला मुलगा मिळाला होता. आणि तू, ज्याला मी आमच्या ताटात जेवायला घेतलं, तू खुर्चीही घेतलीस, बापही घेतलास, आणि ते मला तोंडाने सांगायची हिंमत नाही म्हणून खेळात करून दाखवलंस. फौज उपाशी ठेवलीस म्हणजे मी तिकडेच संपावं. त्याच दिवशी एक पत्र लिहिलं होतं मी. त्यात 'प्रिय' नव्हतं. ते टाकायला निघालो तेव्हा पोस्ट बंद होतं, एवढंच आपल्या दोघांचं नशीब.

पुढचं नीट ऐक. इथे आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझी फटफजिती झाली होती. टोरने यंत्र कसं धुवायचं ते दाखवलं आणि विचारलं, कळलं का. मी आपली मान हलवली, आपण हलवतो तशी, आडवी, म्हणजे हो. त्याने पुन्हा पहिल्यापासून दाखवलं. मी पुन्हा हलवली. त्याने पुन्हा दाखवलं, आता हळूहळू बोलून, लहान पोराला सांगतात तसं. पट्ट्यावरची सगळी माणसं हसायला लागली. मग दारियुसने सांगितलं, अरे बाबा, जगात सगळीकडे उभी हलवली की हो आणि आडवी हलवली की नाही, तुमच्या बल्गेरियातच काय ते उलटं. मी चिडलो आणि शिकलो. खोलीतल्या आरशासमोर उभं राहून शिकलो. हो म्हणजे खाली, नाही म्हणजे आडवं. मला अभिमान होता, की मी इतका पक्का झालो की आता विचारही करावा लागत नाही. मान आपोआप फिरते.

परवा आमच्या पट्ट्यावर इलियान म्हणून एक पोरगेला गडी आला, आपल्याकडचाच, प्लेवेनचा. हात चांगला आहे त्याचा. दुपारी टोर त्याच्याकडे आला आणि विचारलं, उन्हाळाभर राहशील का, जागा आहे. इलियानचा चेहरा उजळला आणि त्याने मान हलवली. आडवी, जोरजोरात. टोर म्हणाला, बरं, ठीक आहे, आणि वळून दुसऱ्याला विचारायला निघाला. मी हातातली सुरी तशीच धरून ओरडलो, “अरे थांब, तो हो म्हणतोय. आमच्यात हो असंच म्हणतात.” टोर हसला, परत फिरला, त्याचं काम झालं. इलियानने मला डोळ्यांनीच धन्यवाद दिले. आणि मी तिथेच उभा राहिलो, यावोर. पट्ट्यावरून मासे जात होते, न चिरलेले, एकामागून एक, दारियुस कोपराने ढोसत होता, आणि मला फक्त खिडकीपाशी बसलेले बाबा दिसत होते.

ते हो म्हणत होते.

ये म्हणत होते. पुन्हा एकदा, जोरात म्हणाले, मला नीट दिसावं म्हणून. ज्या माणसाकडे सगळ्या भाषेतून तेवढी एक मान उरली आहे, त्याने ती सगळी त्यात घातली. आणि मी 'बघितलं' म्हणून फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी वर्षभराची सही केली. त्यांनी माझ्यापासून तोंड फिरवलं ते तोंड वाकडं झालं म्हणून नाही. आणि तू. तू फोनमागे उभा होतास, तुला वाटलं, बापाने हाक मारली, मुलाने समोर बघितली, 'बघितलं' म्हणाला आणि आला नाही. तेव्हा तुझ्या ओळी का थांबल्या ते कळलं मला. तुझ्या जागी मी असतो तर एक धनुर्धारीही पाठवला नसता. पगारसुद्धा बंद केला असता.

आणि म्हणूनच मी तुझ्यावर चिडलोय, अजूनही, हे लिहितानाही. तू मला शिवी का नाही दिलीस? आयुष्यभर मला शिव्या देत आलास, घोड्यावरून, नाकावरून, अभ्यासावरून, आणि एकदाच, जेव्हा खरोखर देण्यासारखी होती, तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास. एक ओळ लिहिली असतीस, 'काका ये म्हणाले आणि तू गेलास मासे चिरायला, नालायका', तर त्याच दिवशी सगळं उघडं पडलं असतं. तुला वाटलं असेल, बोलायचं काय, ज्याची त्याला लाज असावी. हाच तर तुझा सुभेदारी माज. शहरात काय चाललंय ते सरहद्दीवर कळवायचं नाही, आणि सरहद्दीवरच्या माणसाने आपणहून समजून घ्यावं अशी अपेक्षा करायची. सुभेदाराचं पहिलं काम बातमी पाठवणं. त्यानंतर गटारं.

खेळाचंही बघितलं मी नंतर, शांत डोक्याने. तू बाबांना खुर्चीवरून उठवलंच नाहीस. तू फक्त त्या शहरात जाऊन राहिलास, बाकी सगळे सुभे सोडून. आणि एका शहरात दोन माणसं असली की ज्याच्या हातून काम होतं त्याला खेळ आपणच खुर्चीत बसवतो, हे मला तुझ्याआधीपासून ठाऊक आहे. स्तामेनचं सगळं तू जपलंयस, एकही गुण, एकही बिरुद गेलेलं नाही. लोकांचा लाडका अजून लिहिलेलं आहे. वाईनचा शौकीनही.

आता हे पत्र का, फोन का नाही, ते सांगतो. मी काम सोडलंय. टोरने विचारलं, परत येशील का पुढच्या हंगामात. मी खास आपल्या पद्धतीने हनुवटी वर उचलली आणि जीभ टाळ्याला लावून 'च्यक्' केलं, म्हणजे नाही. त्याने हसून माझी जागा राखून ठेवतो म्हटलं. समजावत बसलो नाही. इथला हिशेब मिटेपर्यंत थोडे दिवस जातील, तोवर हे पत्र माझ्या आधी पोचेल. फोन मी मुद्दाम केला नाही. त्या पडद्यावर माझा चेहरा आणि माझी मान त्यांच्याशी एकदा खोटं बोलली आहे, पुन्हा ती जोखीम नको. तेव्हा आज संध्याकाळी त्यांना खिडकीपाशी बसव, दिवा लाव, आणि हे सगळं त्यांना वाचून दाखव, पहिल्या ओळीपासून. शिव्या गाळू नकोस, त्यांना आवडतील. बाबा, मला तुमचं हो वाचता आलं नाही. ते मी नाकारलं नव्हतं. मी येतोय. आणि यावोर, माझी चाल मी केली आहे, संगणकावरून पाठवली आहे. ऱ्हाइन सोडून दिली. फौज दक्षिणेला वळवली आहे, घ्यायची तर घेऊ देत टोळ्यांना ती थंडगार नदी. वंशावळीला हात लावलेला नाही. करारात दोघांचं मत लागतं, तुझं आधीच पडलंय, हे माझं: दोन्ही रेघा राहू देत. मी शहरात शिरलो तरी खुर्ची तुझ्याकडेच राहील, खेळालाही कळतं कोण कामाचा आहे ते. मला फक्त पुढचा वेल छाटायला दे, निदान अर्धा. आणि मी दारात उभा राहीन तेव्हा बाबांची मान जशी हलेल तशी हलू दे, तू मधे काही सांगू नकोस. तेवढं मी आता स्वतः वाचीन.

तुझाच, करारापुरता नव्हे तर आता रेघेनेसुद्धा,
दोब्री